वाड्यावरची शाळा आणि तिची पटसंख्या



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्यासमोर याच विद्यालयाच्या बाकावर बसून मी इतिहासाचे पहिले धडे घेतले. त्यामुळे आज या जागी उभे राहून बोलताना संकोच वाटतो. या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांची मांडणी झालेली आपण ऐकली आहे. माझा विषय त्या मानाने फार लहान आहे. तो दोन खोल्यांचा आणि एका पडवीचा आहे. पेडणे तालुक्यातील माझ्या वाड्यावर १९६४ साली सुरू झालेली सरकारी मराठी प्राथमिक शाळा बंद करून तिची मुले शेजारच्या शाळेत सामावून घ्यावीत की काय, हा प्रश्न सध्या विचाराधीन आहे. शाळेच्या पटावर आज सात मुले आहेत. मी त्या शाळेच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थी.

अशा प्रसंगी आठवणींचा उमाळा येणे साहजिक आहे. पण ज्याने आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, त्याने निदान आपल्या शाळेच्या बाबतीत तरी इतिहासाची शिस्त पाळली पाहिजे. ही शाळा कोठून आली, कोणासाठी आली, ती लहान कशी होत गेली आणि तिचे पुढे काय करावे हे ठरविताना नेमके काय मोजले पाहिजे, एवढ्याच प्रश्नांचा मी विचार करणार आहे.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे आणि काणकोण हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखाली आले. त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणत. येथे बहुसंख्य प्रजा हिंदू, घरात बोली कोंकणी, आणि पोथी, कीर्तन, जमाखर्च व पत्रव्यवहार यांची भाषा मराठी. सरकारी शाळेत पोर्तुगीज शिकवली जाई. 'प्रिमेर ग्राव' आणि 'सेगुंद ग्राव' या परीक्षांची नावे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत, पण त्या उत्तीर्ण झालेली माणसे आमच्या वाड्यावर नव्हती. गावात मराठी शिकायचे तर ते देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या वसरीवर. तेथे एखादे गुरुजी पाच-पंचवीस मुलांना अक्षरओळख, पाढे आणि मोडी वाचन शिकवीत. त्यांचा मोबदला म्हणजे थोडी रोकड, थोडे तांदूळ आणि पाळीपाळीने जेवण. सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींसारख्या प्रज्ञावंताचेही शालेय शिक्षण अगदी तुटपुंजे झाले, यावरून सामान्य मुलांची कथा काय असेल ते समजावे.

१९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि येथील हिंदूंना काहीसा मोकळा श्वास घेता आला. त्या सुमाराचा शैक्षणिक उत्साह आजही थक्क करतो. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०९ सालची. तिचे नावच तिचा ताळेबंद सांगते. घरटी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि त्यातून शाळा चालवायची. १९११ साली फोंड्यात दादा वैद्य आणि सीताराम केरकर यांनी विद्यालय उभारले. गोमंतकातील मराठी शिक्षणाचा पाया असा लोकांच्या मुठीतून घातला गेला. मात्र एक मर्यादा मान्य केली पाहिजे. ज्याच्या घरी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याइतके होते, त्याच्याच मुलांपर्यंत या शाळा प्रामुख्याने पोचल्या. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा मुंडकार, माडावर चढणारा पाडेली, गुरे राखणारे पोर, आणि यांच्या घरातल्या मुली या वर्तुळाबाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी शाळा काढणे वर्गणीच्या ताकदीबाहेरचे होते. ते काम राज्यसंस्थेचे होते.

राज्यसंस्थेने ते काम आपले मानावे, हा विचार आपल्या मराठी मुलखाला नवीन नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. या तिघांच्या विचारात एक समान सूत्र होते. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे. आमच्या वाड्यापर्यंत ती पोचायला मात्र १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, दयानंद बांदोडकर यांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. खेड्यापाड्यांत, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचा जो सपाटा त्या काळी सुरू झाला, त्याचे फळ म्हणजे आमची शाळा. इमारत नव्हती. देवळाच्या अग्रशाळेत एक फळा, एक खुर्ची आणि दोन सतरंज्या एवढ्यावर ती उभी राहिली. आमचे पहिले गुरुजी सावंतवाडीकडचे होते. शेजारच्या प्रदेशांतून असे कितीतरी तरुण तेव्हा गोव्यात शिक्षक म्हणून आले. संध्याकाळी ते घरोघर फिरत आणि पालकांना एकच गोष्ट सांगत, 'मुलगा गुरे सोडून येऊ दे, मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली तरी चालेल.' आमच्या वर्गात खरोखरच दोन-तीन मुली कडेवर भावंड घेऊन बसत. शाळा हाकेच्या अंतरावर होती म्हणूनच त्या आल्या. ती मैलभर दूर, ओढ्यापलीकडे असती तर मुलगे कदाचित गेले असते, मुली गेल्या नसत्या. अंतराचा प्रश्न पहिल्यापासून असा होता आणि त्याची झळ सर्वांना सारखी बसत नव्हती.

मागील वर्षी मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने मी शाळेची जुनी दप्तरे चाळली. प्रवेश-अर्जांचे गठ्ठे वर्षवार बांधलेले आहेत. १९६४ आणि १९६५ सालच्या अर्जांवर पालकाच्या सहीच्या जागी बहुतेक निळ्या शाईचे अंगठे आहेत. माझ्या अर्जावरही माझ्या वडिलांचा अंगठाच आहे. हे मला साठी उलटून गेल्यावर प्रथम दिसले. पुढची वर्षे उलगडत गेलो तशा सह्या वाढत गेल्या. आधी थरथरत्या, एकेक अक्षर सुटे काढलेल्या, मग सराईत. नव्वदीच्या दशकातील गठ्ठ्यात अंगठा शोधावा लागतो. जनगणनेनुसार गोव्याची साक्षरता १९९१ साली ७५.५१ टक्के, २००१ साली ८२.०१ टक्के आणि २०११ साली ८८.७० टक्के होती. या आकड्यांमागे काय घडले, हे मला त्या तीन-चार गठ्ठ्यांनी जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही अहवालाने दाखवले नव्हते.

मग अशी ही शाळा ओसरली का? येथे कोणा एकाला दोषी ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण म्हणजे मुलेच कमी झाली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील जननदर दर स्त्रीमागे १.३ इतका खाली आला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास तो २.१ च्या आसपास असावा लागतो. माझ्या पिढीत घरटी पाच-सहा मुले होती, आज एक किंवा दोन आहेत. दुसरे कारण स्थलांतराचे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के वस्ती नागरी ठरली. तरुण कुटुंबे म्हापसा, पणजी, मडगाव येथे सदनिकांत राहू लागली आणि वाड्यावर चतुर्थीपुरती घरे उघडू लागली.

तिसरे कारण माध्यमाचे, आणि ते आपल्या भाषिक इतिहासाशी निगडित आहे. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला. १९९० साली सरकारने असे धोरण स्वीकारले की प्राथमिक स्तरावर अनुदान मिळेल ते मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळांना. मराठीचे आणि कोंकणीचे अभिमानी या एका मुद्द्यावर एका बाजूस आले. २०११ साली हे धोरण बदलून इंग्रजी माध्यमासाठी अनुदानाची वाट खुली करण्यात आली आणि त्यावरून मोठे आंदोलन झाले. त्या वादात मीही मातृभाषेच्या बाजूने सभांतून बोललो आणि आजही माझे मत बदललेले नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगितले पाहिजे की आमच्या शाळेचा पट २०११ च्या कितीतरी आधीपासून उतरू लागला होता. पालकांचा कौल धोरणाच्या पुढे चालत होता.

चौथे कारण वरवर किरकोळ वाटेल, पण मला ते फार महत्त्वाचे वाटते. आमच्या शाळेला बालवर्ग नव्हता. तीन वर्षांचे मूल शहरातील खासगी बालवर्गात गेले की सहाव्या वर्षी ते वाड्यावरच्या पहिलीत परत येत नसे. पुढे 'बालरथ' योजनेतून अनुदानित शाळांना बसगाड्या मिळाल्या. मोठ्या शाळेची बस वाड्याच्या तिठ्यावर येऊन उभी राहू लागली. ज्या सरकारने मुलापर्यंत शाळा नेली होती, त्याच सरकारने आता मुलाला शाळेपासून दूर नेण्याची सोय केली. त्यामागील हेतू चांगलाच होता. पण दोन्ही सोयींचा एकत्र हिशेब कोणी मांडला नाही.

आता दुसरी बाजू. लहान शाळा एकत्र कराव्यात असे म्हणणाऱ्यांना शिक्षणाचे शत्रू समजणे अन्यायाचे होईल. एकाच शिक्षिकेने चार इयत्ता सांभाळायच्या, माध्यान्ह आहाराची नोंद ठेवायची, निवडणुकीचे आणि जनगणनेचे काम करायचे आणि आजारीही पडायचे नाही, ही व्यवस्था मुलांवर आणि शिक्षिकेवर सारखीच अन्याय करणारी आहे. चौथीत एकटाच मुलगा असेल तर तो वाद कोणाशी घालणार आणि खेळणार कोणाशी? हा प्रश्न केवळ गोव्याचा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केल्याप्रमाणे २०१६-१७ साली देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती आणि एकशिक्षकी शाळांची संख्या १,०८,०१७ होती. राजस्थानात २०१४ साली सुमारे सतरा हजार शाळांचे एकत्रीकरण झाले. महाराष्ट्रात २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा किती खळबळ उडाली, ते आपल्याला आठवत असेल.

परंतु या दुखण्यावर दुसरा उपायही फार पूर्वी सुचविला गेला होता, आणि त्यात एका मराठी शिक्षणतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्या आयोगाने 'शाळा-संकुला'ची कल्पना मांडली. एक माध्यमिक शाळा मध्यवर्ती धरावी, भोवतालच्या लहान शाळा तिला जोडाव्यात, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कला-क्रीडा शिक्षक यांचा लाभ सर्वांनी मिळून घ्यावा. या विचारात लहान शाळेचा दोष तिचा आकार नसून तिचा एकाकीपणा हा मानला होता. २०२० च्या धोरणानेही हीच कल्पना नव्याने पुढे आणली आणि ती इतकी वर्षे अमलात आली नाही हे मान्य केले. शेजारच्या कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली सुरू झालेल्या 'नली-कली' उपक्रमाने वेगवेगळ्या इयत्तांची मुले एका वर्गात, आपापल्या गतीने, एकमेकांच्या साह्याने कशी शिकू शकतात हे दाखवून दिले. तेव्हा शाळा लहान आहे म्हणजे तेथे शिकणे होत नाही, हे गृहीत धरण्याचे कारण नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानुसार साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. केंद्राने केलेल्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. म्हणजे आपला कायदा आधी अंतर मोजतो. डोकी मोजणे त्यानंतर येते.

गेल्या हिवाळ्यात या प्रश्नावर ग्रामसभा झाली. सभागृह भरले होते. माझ्यासारखे अनेक माजी विद्यार्थी पोटतिडकीने बोलले. शाळा म्हणजे गावाची अस्मिता, मराठीचे माहेर, पूर्वजांची पुण्याई, असे शब्द ऐकू आले. त्यांतले काही माझेच होते. शेवटी, ज्यांचा मुलगा या शाळेत दुसरीत आहे अशा एक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी कोंकणीत शांतपणे विचारले, 'मास्तर, तुमचो नातू खंय शिकता?'

माझा नातू म्हापशाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. रोज सकाळी मीच त्याला तिठ्यावर बसमध्ये चढवून देतो. मी तसे सांगितले आणि खाली बसलो. शाळेच्या बाजूने बोललेल्या आम्हा सर्वांपैकी एकाचेही मूल त्या शाळेत नव्हते, हे त्या क्षणी सभेच्या लक्षात आले. त्या बाईंनी पुढे एवढेच म्हटले, की आमच्या घरी गाडी नाही, मी सकाळी सातला काजूच्या कारखान्यात कामाला जाते, आणि नव्या शाळेची वाट ओढ्यावरून आहे.

घरी येऊन मी पुष्कळ विचार केला. आज पटावर असलेल्या सात मुलांपैकी तिघे वाड्यावरच्या गरीब घरांतले आहेत आणि चौघे कर्नाटकातून चिरेखाणीवर कामाला आलेल्या मजुरांची मुले आहेत. ती घरी कन्नड बोलतात, अंगणात कोंकणी बोलतात आणि फळ्यावर मराठी लिहितात. ज्यांना दुसरा पर्याय होता ते सर्व निघून गेले. ज्यांना नव्हता ते राहिले. १९६४ साली ही शाळा नेमकी कोणासाठी उघडली होती? ज्यांच्या घरी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी. म्हणजे पटसंख्या घटली असली तरी शाळेचे मूळ प्रयोजन घटलेले नाही. ते सात मुलांच्या रूपाने तेथे जसेच्या तसे बसलेले आहे. पटसंख्या आपल्याला किती जण गेले ते सांगते. शाळेवाचून कोणाचे अडेल, हे ती सांगत नाही.

म्हणून कोणतीही लहान शाळा कधीच बंद करू नये, असा आग्रह मी धरणार नाही. जेथे एकही मूल उरलेले नाही तेथे कुलूप घालण्यात पाप नाही. पण निर्णयापूर्वी काही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्या जाव्यात. वाड्यावर तीन ते दहा वयाची एकूण मुले किती, आणि त्यांतली शाळेबाहेर किती, हे घरोघर जाऊन मोजावे. मजुरांच्या खोपीही वगळू नयेत. नव्या शाळेची वाट नकाशावर न मोजता जुलै महिन्यात, पावसात, सहा वर्षांच्या मुलाच्या पावलांनी मोजावी. बसची हमी तोंडी न देता लेखी द्यावी आणि ती किती वर्षांची हे नमूद करावे. शाळेत बालवर्ग सुरू करून आणि दुसरा शिक्षक देऊन निदान दोन वर्षे वाट पाहावी, कारण ज्या शाळेला आपण हे कधी दिलेच नाही, तिने मुले टिकवली नाहीत असे म्हणणे न्यायाचे नाही. आणि शेवटी शाळा बंदच झाली, तर तिचे दप्तर एखाद्या कोठारात वाळवीच्या स्वाधीन न करता तालुक्याच्या ग्रंथालयात जतन व्हावे. आमच्या तालुक्याच्या सामाजिक इतिहासाचे इतके विश्वसनीय साधन दुसरे नाही.

माजी विद्यार्थ्यांना मला वेगळे काही सांगायचे आहे. आपण स्मरणिका काढतो, स्नेहसंमेलने भरवतो, मूळ शाळेच्या नावाने गहिवरतो. ते सारे योग्यच आहे. पण मूठभर तांदूळ ही कल्पना आपल्याच पूर्वजांची होती. आज तांदळाची गरज नाही, वेळेची आहे. ग्रामसभेनंतर मी आठवड्यातून दोन दिवस त्या शाळेत जाऊन तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्टी आणि भूगोल शिकवतो. बाई तेवढा वेळ पहिली-दुसरीकडे लक्ष देतात. यातून शाळा वाचेल असा माझा दावा नाही. निर्णय अजून व्हायचा आहे.

एक गोष्ट सांगून थांबतो. दप्तर चाळताना मला त्या बाईंच्या घरातील तीन अर्ज सापडले. १९६५ सालचा अर्ज त्यांच्या वडिलांचा. तो माझ्या मागच्या वर्गात होता. त्यावर आजोबांचा अंगठा आहे. १९९५ सालचा अर्ज त्या बाईंचा स्वतःचा. त्यावर वडिलांची वळणदार सही आहे. २०२३ सालचा अर्ज त्यांच्या मुलाचा. त्यावर आईची सही आहे. शाळेच्या भवितव्याचा निर्णय घेणाऱ्यांनी पटसंख्येच्या तक्त्याबरोबर हे तीन कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.